पडे झडे, चीर वाढे

मूल पलंगावरून गडगडलं, पाळण्यातून पडलं, जिन्यावरून घरंगळलं, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "पडे झडे, माल वाढे." जे पडतं-झडतं तेच मूल वाढतं, असा त्याचा अर्थ. म्हण प्रेमाची आहे. भेदरलेल्या आईला धीर द्यायलाच ती जन्मली असणार. ढोपर फुटलं असेल, ओठाला खोक पडली असेल, कपाळावर टेंगूळ आलं असेल, तर ती खरीही आहे. माझं भांडण आहे ते कवटीला तडा गेल्यावरही हीच म्हण ऐकवण्याशी. कारण तिथे ती अपुरी तर पडतेच, वर कधीकधी चक्क उलटी होते. तान्ह्या बाळांच्या कवटीला जाणाऱ्या काही तड्यांचं असं असतं, की मूल वाढतं म्हणूनच चीर वाढते.

माझं म्हणणं सरळ आहे. लहानपणी कवटी फुटणं ही आपल्याकडे चार दिवसांची गोष्ट समजली जाते. पडला, दवाखान्यात नेला, स्कॅन काढला, दोन दिवस ठेवून घेतला, घरी आणला, नजर काढली, विषय संपला. मग घर विसरतं, दवाखाना विसरतो, शाळेला कधी कळतच नाही, आणि कायदा तर विसरण्याची मुदतच ठरवून देतो. विसरत नाही ते फक्त डोकं. दहा, पंधरा, पंचवीस वर्षांनी ते आठवण करून देतं, तेव्हा समोरच्या डॉक्टरकडे जुना कागद नसतो. रुग्णाला तर काही आठवायचा प्रश्नच नाही, कारण पडला तेव्हा तो जेमतेम रांगत होता. या विसरण्यात निसर्गाचा हात नाही. ते आपण, आपल्या सवयींनी आणि नियमांनी घडवलंय. म्हणून ते मोडताही येतं.

टाळू भरते, चीर भरेलच असं नाही

बाळाची कवटी एकसंध नसते, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं. टाळूवर तेल घालायचं, टाळूला धक्का लागू द्यायचा नाही, ती कधी भरते याची वाट पाहायची, हे सगळं त्या माहितीतूनच आलं. कवटीची हाडं सुटी असतात, कारण आत मेंदू भराभर वाढत असतो. तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के आकाराला पोचलेला असतो.

या वाढीच्या काळात कवटीला तडा गेला तर बहुतेक वेळा तो आपोआप सांधतो. पण तान्ह्या मुलांत हाडाच्या आतल्या बाजूला मेंदूचं जाड आवरण घट्ट चिकटलेलं असतं. त्याला ड्युरा म्हणतात. हाड तडकताना कधीकधी हे आवरणही फाटतं. मग आतलं पाणी आणि मेंदूचा थोडा भाग त्या फटीतून बाहेर डोकावू लागतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदू किंचित धडधडतो, आणि ती धडधड फटीच्या कडांना रोज, दर सेकंदाला टोचत राहते. कडा झिजतात. आत मेंदू वाढतोय, फट रुंदावतेय. याला डॉक्टर ग्रोइंग स्कल फ्रॅक्चर म्हणतात, म्हणजे वाढत जाणारी चीर. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हाउशिप यांनी अशा रुग्णाचं वर्णन १८१६ साली केलं होतं. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

असं क्वचित होतं, हे आधीच सांगतो. मुलांच्या कवटीच्या शंभर तड्यांमागे एखाददुसऱ्यात, किंवा त्याहूनही कमी वेळा. पण ज्यांच्यात होतं त्यातली निम्म्याहून जास्त मुलं एका वर्षाच्या आतली असतात आणि जवळपास सगळी तीन वर्षांच्या आतली. खूण साधी असते. मार लागला त्या जागी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मऊ फुगवटा येतो, हात ठेवला तर कधी धडधड जाणवते, हाडात खाच लागते. हे लवकर सापडलं तर शस्त्रक्रियेने फाटलेलं आवरण शिवता येतं, हाड बंद करता येतं. फक्त कुणीतरी दोन-तीन महिन्यांनी त्या जागेवरून बोट फिरवायला हवं. ते बोट फिरलं नाही, फुगवटा लहान असला आणि जावळानंतरच्या दाट केसांत लपला, तर मूल तसंच मोठं होतं. मग विशीत-तिशीत एक दिवस आकडी येते, डोकं ठणकायला लागतं किंवा एका बाजूचा हात जड पडतो. स्कॅन काढल्यावर दिसतं, की कवटीत भोक आहे आणि खालच्या मेंदूवर जुना व्रण आहे.

कांदा हुंगवून भागत नाही

वाढणारी चीर दुर्मीळ म्हणून सोडून दिली, तरी उशिरा उगवणाऱ्या दुखण्यांची यादी तिथे संपत नाही. सगळ्यात मोठं नाव अपस्माराचं, ज्याला आपण फिट, फेफरं, मिरगी म्हणतो.

डेन्मार्कमध्ये १९७७ ते २००२ या काळात जन्मलेल्या १६ लाखांहून अधिक जणांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कवटीला तडा गेलेल्यांमध्ये अपस्माराचा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला. मेंदूला गंभीर इजा झालेल्यांत तो सातपटीच्या वर होता. माझ्या दृष्टीने कळीचा आकडा पुढचा आहे. मार लागून दहा वर्षं उलटल्यावरही तडा गेलेल्यांमधला धोका दुपटीच्या आसपासच होता. दहा वर्षांनी! आपल्याकडे दहा वर्षांनी त्या प्रसंगाचा विषय घरात निघाला, तरी "तू किती पडायचास" म्हणून हसण्यासाठी निघतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. तिथे साडेचार हजारांवर जखमींचा मागोवा घेतला होता. त्यात कवटीचा तडा मध्यम इजेत धरला होता, आणि त्या गटातल्या शंभरांपैकी साधारण ४ जणांना पुढच्या ३० वर्षांत फिट आली. उरलेल्या ९६ जणांना आली नाही, हेही तेवढंच खरं. पण ते चार जण कोण, हे आधी कळत नाही. आणि जेव्हा कळतं तेव्हा त्यांच्या हातात जुना कागद असावा, एवढंच मागणं आहे.

शिवाय फिट म्हणजे दरवेळी जमिनीवर पडून हातपाय झाडणं नसतं. काहींना अचानक जळका वास येतो, जो इतर कुणालाच येत नाही. काहींच्या पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं. काहींना "हे आधी घडलंय" असं तीव्रपणे वाटतं. काही जण बोलता बोलता अर्धा मिनिट शून्यात बघतात आणि मग काही झालंच नाही असं वागतात. एखाद्या विशीतल्या मुलीला असं होतं असं धरा. मैत्रिणी म्हणतात, झोप पूर्ण कर. घरचे म्हणतात, मोबाइल कमी कर. शेजारीण म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे, दाखवून आणा. एकदा ती पडलीच, तर नाकाशी कांदा आणि चप्पल येते. यातल्या कुणीच विचारत नाही, की लहानपणी हिच्या डोक्याला मार लागला होता का.

तिसरं दुखणं त्याहून फसवं. कवटीचा तळ, म्हणजे नाकाच्या आणि कानाच्या वरचं हाड तडकलं, आणि आवरणातली फट पूर्ण मिटली नाही, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपू शकतं. वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, खारट काहीतरी ठिबकतं. माणूस वर्षानुवर्षं सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खातो. आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात. मेंदूच्या आवरणाचा दाह, मेनिंजायटिस होतो. तो बरा होतो, पुन्हा होतो. पहिला झटका मार लागल्यानंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकतो. पुन्हा पुन्हा मेनिंजायटिस होणाऱ्या माणसाला जुना मार विचारायचा, हा वैद्यकातला धडा आहे. भोक सापडलं तर बुजवता येतं, न्यूमोकोकसची लस देता येते. पण उत्तर द्यायला घरात कुणाला आठवत असायला हवं.

याखेरीज कानामागचं हाड फुटल्यामुळे एका कानाने कमी ऐकू येणं, वास जाणं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसल्यामुळे वाढ खुंटणं, पाळी लांबणं, सततचा थकवा. प्रत्येकाला दुसरं सोपं कारण सहज सापडतं, आणि म्हणूनच खरं कारण सुटतं.

"लहान मेंदू सावरतो" ही अर्धी गोष्ट

इथे शिकलेली माणसं हरकत घेतात. लहान मुलांचा मेंदू लवचिक असतो, एक भाग बिघडला तर दुसरा त्याचं काम उचलतो, हे तर शास्त्रच सांगतं! हो, सांगतं. या कल्पनेमागे मार्गारेट केनर्ड या अमेरिकन संशोधिकेचं १९३० च्या दशकातलं काम आहे. माकडांच्या मेंदूतला हालचालींचा भाग लहान वयात काढला, तर ती मोठ्या माकडांपेक्षा बरी सावरतात, असं तिला दिसलं. पुढे तिच्या नावाने सिद्धांत झाला. गंमत अशी, की काही दोष माकडं मोठी झाल्यावरच उघडे पडले, हेही तिने नोंदवलं होतं. आपण सोयीचं तेवढं उचललं.

मेंदूचा पुढचा भाग, जो बेत आखतो, राग आवरतो, एका वेळी चार गोष्टी सांभाळतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. दोन वर्षांच्या मुलाच्या त्या भागाला इजा झाली, तर दोन वर्षांचा असताना काहीच दिसत नाही, कारण दोन वर्षांच्या मुलाकडून कुणी बेत आखायची अपेक्षाच करत नाही. सातवी-आठवीत अभ्यास अवघड होतो, पहिली नोकरी लागते, तेव्हा उणीव उघडी पडते. तोवर त्या मुलावर आळशी, तापट, धरसोड करणारा असे शिक्के बसलेले असतात. स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्या ११ लाख जणांचा अभ्यास २०१६ साली आला. पंचविशीच्या आत डोक्याला इजा झालेल्यांमध्ये पुढे अपंगत्वाची पेन्शन, मानसिक आजारांसाठी उपचार, शिक्षण अर्धवट राहणं आणि अकाली मृत्यू यांचं प्रमाण जास्त होतं. इजा न झालेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली तरी फरक उरलाच. म्हणजे घरचं वातावरण, गरिबी, रक्त असं सगळं बाजूला काढूनही काहीतरी शिल्लक राहतं.

प्रत्येक नापास मुलाच्या डोक्यात जुना तडा असतो असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या डोक्यात तो आहे त्याला ती गोष्ट माहीत असण्याचा हक्क आहे. "माझ्यात काहीतरी खोट आहे" आणि "माझ्या डोक्याला दुसऱ्या वर्षी मार लागला होता" या दोन वाक्यांवर दोन वेगवेगळी आयुष्यं उभी राहतात.

नऊशे ग्रॅमचं वजन

लहानपणी फुटलेली कवटी माणसाबरोबर किती वर्षं चालते, याचं जगाने नोंदवून ठेवलेलं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मेरिलँडमधली हॅरिएट टबमन. गुलामगिरीत जन्मलेली. १८३० च्या दशकात, बारा-तेरा वर्षांची असताना, बकटाउन नावाच्या गावातल्या दुकानात एका मुकादमाने पळून जाणाऱ्या दुसऱ्या गुलामाच्या दिशेने लोखंडी वजन भिरकावलं. दोन पौंडांचं, म्हणजे साधारण नऊशे ग्रॅमचं. ते तिच्या डोक्यात बसलं. कवटी फुटली. उपचार नाहीत. दोन दिवस पडून राहिली आणि मग पुन्हा शेतावर कामाला जुंपली गेली.

त्यानंतर आयुष्यभर तिला प्रचंड डोकेदुखी होती. बोलता बोलता, काम करता करता ती अचानक झोपेत गेल्यासारखी व्हायची, थोड्या वेळाने जागी होऊन वाक्य पुढे सुरू करायची. चरित्रकारांनी त्यामागे अपस्मार असावा असं म्हटलंय. या डोक्यासह ती १८४९ मध्ये गुलामीतून निसटली, पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे ७० जणांना सोडवून आणलं, आणि १८६३ मध्ये यादवी युद्धात काँबाही नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक माणसांच्या सुटकेत भाग घेतला. १८९० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे मार लागून साठएक वर्षांनी, तिने बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डोक्याची शस्त्रक्रिया करून घेतली. १९१३ मध्ये ती वारली.

तिची गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. ती आहेच. पण तिच्यातली मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. हॅरिएटला आपल्याला काय होतंय आणि कशामुळे होतंय हे माहीत होतं, कारण मार लागला तेव्हा ती आठवणीच्या वयाची होती. नऊ महिन्यांच्या बाळाला ती सोय नसते. त्याची आठवण दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची असते.

तीन वर्षं, सहा महिने आणि एकवीस खाने

आता बघू, आपल्याकडे ती आठवण कोण सांभाळतं.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात, की भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायच्या. रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, हेही त्यातच आहे. किमान तीन वर्षं. म्हणजे एक वर्षाचं बाळ पडलं, तर ते चार वर्षांचं झाल्यावर त्याची फाइल नियमाला धरून रद्दीत जाऊ शकते. डेन्मार्कचा आकडा दहा वर्षांनंतरच्या धोक्याबद्दल बोलतो, आणि आपला कागद पाचवा वाढदिवसही बघेल याची खात्री नाही.

मोटार वाहन कायद्यात अपघातानंतर भरपाईचा अर्ज करायची मुदत १९९४ साली काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली: अपघातापासून ६ महिने. या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण मुळात ती लिहिताना कुणाच्या मनात काय होतं ते बघा. सहा महिन्यांत माणसाचं जे नुकसान दिसलं तेवढंच नुकसान. तान्ह्या मुलाच्या डोक्याचं नुकसान सहा महिन्यांत कोण मोजणार? त्याला अजून बोलताही येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे. अपस्मार नाही. मेंदूच्या इजेला स्वतःचा रकाना नाही. पाय लुळा पडला, कान गेला, बुद्धीवर परिणाम झाला, तर त्या त्या नावाने प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ज्याला महिन्यातून दोनदा फिट येते आणि बाकी सगळं धडधाकट दिसतं, तो कुठल्या खान्यात बसणार?

शाळकरी मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. कल्पना उत्तम. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार, वाढीतले अडथळे अशी त्याची यादी आहे, तिच्यात फिट येण्याचा आजारही आहे. पण डोक्याला मार लागल्याचा इतिहास हा त्या यादीतला विषय नाही. धूर मोजायचा, आग कुठे लागली ते विचारायचं नाही, असा हा कारभार आहे.

आणि याची उलटी बाजूही पाहा. बाळाचं लसीकरणाचं कार्ड आपण किती जपतो! शाळाप्रवेशाला लागतं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, दागिन्यांच्या डब्याशेजारी. म्हणजे कागद जपणं आपल्याला जमतं. फक्त कुणीतरी मागायला हवा.

लपवण्याची घरगुती व्यवस्था

सरकारला बोलून झालं, आता घराकडे येऊ. कारण घर नुसतं विसरत नाही, अनेकदा मुद्दाम लपवतं. मुलगी असेल तर जास्तच. "डोक्यावर पडली होती असं सांगत बसू नका, उद्या स्थळं यायची आहेत." हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फेफरं हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं. ते १९९९ साली काढून टाकलं. कायद्याने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी जे सोडलं, ते आपल्या बैठकीच्या खोल्यांनी अजून धरून ठेवलंय. मग सासरी गोळ्या लपवून खाल्ल्या जातात, एखाददिवशी चुकतात, आणि चुकलेल्या गोळीची फिट गॅसपाशी उभी असताना येते.

लपवण्याचं दुसरं कारण अपराधी वाटणं. बाळ कुणाच्या हातून पडलं, हा प्रश्न घरात वर्षानुवर्षं सलत असतो. आजीच्या, आईच्या, मोठ्या बहिणीच्या. म्हणून कुणी बोलत नाही. यावर उपाय एकच: दोष द्यायचा नाही हे आधी जाहीर करून मग विचारायचं. बाळं पडतात. जगात सगळीकडे पडतात. हातून निसटणं हा गुन्हा नाही. मोठ्या झालेल्या मुलापासून ती माहिती लपवणं मात्र अन्याय आहे.

डोकं फुटू न देण्याचं काय?

तडा गेल्यानंतरचं इतकं बोलताना तो जाऊच नये याबद्दल गप्प बसणं खोटं ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं. २०२२ च्या नियमांनी नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट, चालकाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची कमाल मर्यादा घालून दिली. ते २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहेत. आज संध्याकाळी कुठल्याही शाळेबाहेर पाच मिनिटं उभे राहा. बापाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि पुढे टाकीवर बसलेलं मूल बोडकं. आपलं डोकं वाचवायचं, कारण पोलीस आपल्याला पकडतो. ज्या शहरात २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघतो, त्या पुण्यात लेकराच्या डोक्याचा विचार कोण करणार?

तीच गत दहीहंडीची. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवता येत नाही. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. खेळ म्हणायचं तर खेळाचे नियम पाळा. दुसऱ्या कुठल्या खेळात सगळ्यात हलका भिडू म्हणून सगळ्यात लहान पोराला सगळ्यात उंच चढवतात? मंडळ विमा काढतं, मोडलेल्या हाताची भरपाई मिळते. त्या पोराला पंचविसाव्या वर्षी फिट आली, तर तेव्हा मंडळाचा अध्यक्ष कोण असेल आणि विमा कुठे असेल?

"उगाच घाबरवू नका"

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. असलं वाचून आई-बाप प्रत्येक टेंगळाला सीटी स्कॅन मागतील, मुलांना फुकट किरणांचा मारा बसेल. म्हणून स्पष्ट सांगतो, प्रत्येक पडण्याला स्कॅन लागत नाही. अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्याला मार लागून दवाखान्यात आलेल्या मुलांपैकी शंभरात एकालाही पूर्ण महत्त्वाची इजा निघाली नाही, प्रमाण ०.९ टक्का होतं. कुणाला स्कॅन लागत नाही हे तपासून ठरवण्याचे निकष त्याच अभ्यासातून आले. ते डॉक्टरला ठरवू द्या.

मी स्कॅन वाढवा म्हणत नाही, काढलेला स्कॅन हरवू नका म्हणतोय. भीती नकोय, नोंद हवीये. नोंदीने कुणी आजारी पडत नाही. उलट ज्याला नेमकं माहीत आहे त्याला कमी भीती वाटते. डॉक्टरलाही अंदाजाने दहा तपासण्या लिहाव्या लागत नाहीत.

मग करायचं काय

हा मजकूर वाचणारे बहुतेक जण तेवीस-चोवीसचे असतील, आणि त्यांच्या हातात फोन आहे. तर आज घरी विचारा, लहानपणी माझ्या डोक्याला मोठा मार लागला होता का? बेशुद्ध झालो होतो का? टाके, स्कॅन, भरती? कधी, कुठे? उत्तर हो आलं तर घाबरायचं काही कारण नाही. ते तारखेसकट फोनमध्ये लिहून ठेवा. जुनी फाइल माळ्यावर सापडली तर प्रत्येक पानाचा फोटो काढा, स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून तिचाही काढा. पुढे कधी फिट, एका नाकपुडीतून पाणी, पुन्हा पुन्हा मेनिंजायटिस, डोक्यावर खाच किंवा मऊ फुगवटा असं काही झालं, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात हे सांगा.

घरात लहान मूल पडून कवटीला तडा गेला असेल, तर घरी नेताना डॉक्टरला दोन गोष्टी विचारा: दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कधी दाखवायचं, आणि फाइलची प्रत कुठे मिळेल. ७२ तासांचा नियम तुमच्या बाजूने आहे.

पण एवढं व्यवस्थेला सोडून देण्यासाठी नाही. तिच्याकडून हव्या असलेल्या गोष्टीही मोजक्याच आहेत. मुलांच्या डोक्याच्या इजेच्या नोंदी मूल सज्ञान होईपर्यंत तरी ठेवल्या जाव्यात. लसीकरणाच्या कार्डावर डोक्याच्या इजेसाठी एक ओळ असावी. शाळेतल्या आरोग्य तपासणीत एक प्रश्न वाढावा. भरपाईच्या कायद्यात लहान मुलांना मुदतीची अट नसावी. दिव्यांगांच्या यादीत अपस्माराचा विचार व्हावा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवीन इमारत लागत नाही, नवीन यंत्र लागत नाही. लागतो तो एक शासन निर्णय, थोडी शाई आणि एक रकाना. आजपासून २५ वर्षांनी कुणीतरी तरुण एखाद्या न्यूरोलॉजिस्टसमोर बसलेला असेल आणि डॉक्टर विचारतील, लहानपणी डोक्याला काही लागलं होतं का. आज जे बाळ पलंगावरून पडलंय त्याच्याकडे तेव्हा खांदे उडवण्याखेरीज दुसरं उत्तर असणार की नाही, ते आपण आत्ता ठरवतोय.